सांगितलं तेवढं

नववीतली शिवकन्या म्हणजे आज्ञाधारकपणाचा कळस. फळ्यावरचं ‘पुसू नये’ तिनं वहीतही उतरवून घेतलं होतं. म्हणूनच २००३ साली मी तिला दहावीच्या दिपाची लेखनिक नेमलं. तांड्यावरून येणारी दिपा हुशार, पण तिला दिसत नसे. ती सांगणार आणि शिवकन्या लिहिणार.

सराव परीक्षेचा मराठीचा पेपर तपासताना मी चक्रावलो. ‘माझी आई पहाटे उठते लिहिलं का गं काहून थांबली पेन गळून राहिला तर पुसून घे आई भाकरी करते.’ यात आई कुठली आणि पेन कुठला, मला काही कळेना.

बोर्डात असं झालं तर पोरगी नापासच व्हायची. ‘लेखनिक बदलू,’ मी म्हणालो.

‘नका ना सर!’ दिपा म्हणाली. ‘दुसरी शानी पोरगी तिच्या मनाचं लिहील. हिनं माझा एक तरी शब्द सोडला का?’

मग दोघींचं ठरलं. दिपाचं बोट बाकावर असेल तेव्हाच लिहायचं.

बोर्डात दिपाला मराठीत एक्क्याऐंशी गुण पडले. मी म्हणालो, ‘शाब्बास, शिवकन्या!’

तिनं गोंधळून दिपाच्या बोटाकडं बघितलं. ‘सर, हे लिहायचं का?’