टॉमीचे दोन फटके

माझ्या जीपच्या मागच्या सीटखाली ताडपत्रीची एक पिशवी असते. ती माझ्या बायकोने शिवली. कोणत्या कप्प्यात काय आहे हे मला न बघता सांगता येतं. जास्तीचा फॅनबेल्ट, दोन प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रेडिएटरचा होजपाइप आणि त्याच्या क्लिपा, तार, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, आणि पेट्रोलची टाकी गळायला लागली तर भेगेत चोळून भरायला कपड्याच्या साबणाची वडी. पाने आणि पक्कड वेगळ्या कप्प्यात. जॅक फिरवायची टॉमी, म्हणजे हातभर लांब लोखंडी सळई, पिशवीत मावत नाही. ती सीटला लागून आडवी पडलेली असे.

जीप चुलत्यांची. ते कशेळे ते कर्जत पॅसेंजर भरायचे. तेव्हा ही हँडल मारूनच सुरू व्हायची. हँडल फिरवताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे ते सगळ्यांना शिकवत, आणि एका सकाळी स्वतःच चुकले. इंजिनाने उलटा झटका दिला, हँडल मागे आलं आणि मनगटाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. मी शेजारी उभा होतो. डाव्या हाताने त्यांनी बॉनेटवर दोन गुद्दे हाणले आणि मग मातीत बसले. तो हात पुढे कधी सरळ झाला नाही. गाडी मला दिली तेव्हा म्हणाले, "ही मारती रं. हिच्यासमोर हात जपून. आन् सामान घेतल्याबिगर दहिवलीच्या भाईर पडू नको."

मी खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होतो. नोकरी संपल्यावर जीप पुन्हा उभी केली, सेल्फ बसवला, रंग दिला. गेल्याच्या गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं बायकोच्या भाचीच्या हळदीला निघालो. बायकोचं माहेर कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. दुपारचे दोन वाजले असतील. कशेळे मागे टाकलं आणि पहिल्याच चढावर बॉनेटखाली फाडकन आवाज झाला. इंजिनाच्या गरमीचा काटा लालमध्ये गेला. फॅनबेल्ट तुटला होता.

रस्ता एका गाडीपुरता. एका बाजूला दगडी कडा, दुसऱ्या बाजूला कोरडा ओहोळ. हँडब्रेकवर माझा भरवसा नव्हता, म्हणून बायकोने खाली उतरून मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले. मग ती परत मागे चढली आणि पिशवीतून बेल्ट काढायला लागली. मी बॉनेट उघडून डायनामोचा बोल्ट सैल करायला घेतला. इंजिनाच्या वाफेने तोंड भाजत होतं.

तेवढ्यात मागून एक मोठी पांढरी गाडी आली आणि हॉर्न वाजवत जीपच्या अगदी मागे येऊन थांबली. तिघं होते, तिशीच्या आतबाहेरचे, कुठल्यातरी फार्महाउसवर निघालेले. तोंडाला दारूचा वास. चालवणारा उतरला. अंगाने भरलेला, हाफपँट, हातात कडं.

"ए काका, बाजूला घे ना गाडी."

"बेल्ट तुटलाय. दहा मिनिटं द्या. घालतो आणि निघतो."

"दहा मिनिटं कशाला? ढकल ना खाली. भंगारच आहे."

मी पुन्हा इंजिनावर वाकलो. माझा डावा हात रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर होता. त्याने बॉनेट धरलं आणि जोरात खाली आपटलं.

तीन बोटं सापडली. डोळ्यांसमोर पांढरं झालं. मी किंचाळलो तो आवाज मला माझाच वाटला नाही. बॉनेट वर करून हात काढला तेव्हा मधल्या बोटाचं नख नव्हतं. तोवर तो मागे गेला होता. बायको आतून ओरडत होती, "अरं, मी आत हाय, दगडाला हात लावू नको!" त्याने लाथ मारून एक दगड उडवला, मग दुसरा. जीप तिला घेऊन मागे सरकली, त्याच्या गाडीच्या तोंडावर आदळली आणि मागचं चाक कड्याला घासून तिथेच अडकली. त्याचा एक दिवा फुटला. जीपच्या लोखंडी बंपरला काहीच झालं नाही.

स्वतःच्या गाडीचा दिवा फुटलेला बघून तो पिसाळला. जीपमध्ये हात घालून उघड्या पिशवीतून चाकाचा पाना काढला आणि माझ्यावर धावून आला. पहिला वार खांद्यावर बसला. दुसरा मी चुकवायला गेलो तो कानावर आला. मी कड्याला टेकून खाली घसरलो. रक्त मानेवरून शर्टात उतरत होतं आणि डोक्यात एकच शिट्टी वाजत होती. त्याने तिसऱ्यांदा पाना उचलला. आता मी मरणार असं मला वाटलं. भीती वाटली नाही, राग आला, की हा मला माझ्याच पान्याने मारतोय.

त्याच्या मागे बायको दिसली. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांत टॉमी. तिने ती त्याच्या उचललेल्या हातावर हाणली. पाना रस्त्यावर पडला. तो हात पोटाशी धरून खाली बसला आणि आईच्या नावाने ओरडायला लागला. तिथे थांबायला हवं होतं. तिने टॉमी पुन्हा वर नेली आणि त्याच्या गुडघ्यावर मारली. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

उरलेले दोघं धावत आले. ती त्यांच्याकडे वळली. "या," म्हणाली. एवढंच. चेहरा मला ओळखू येईना. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. घरात साप निघाला तर ती मला तो न मारता बाहेर काढायला लावायची. ते दोघं जागीच थांबले. "पोलिसांना घेऊन येतो, थांबा तुम्ही," असं म्हणत गाडीत बसले, उलट्या गिअरमध्ये वळणापर्यंत गेले आणि दिसेनासे झाले. आपला माणूस त्यांनी तिथेच टाकला होता.

रस्त्यावर आम्ही तिघंच उरलो. तो रडत होता. गुडघा भलत्याच दिशेला वळला होता. बायकोने टॉमी खाली ठेवली, हात साडीला पुसले आणि पिशवी घेऊन त्याच्याजवळ बसली. त्याने घाबरून अंग चोरलं.

"हलू नको. बांधती."

जॅकखाली ठेवायची फळी तिने पायाला लावली आणि ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट आवळली. माझ्या कानावर आपल्या पोलक्याचं कापड दाबलं, हळदीला नेत होती ते नवं. मग म्हणाली, "बेल्ट कसा घालायचा, सांगा."

माझा हात उचलत नव्हता. मी कड्याला टेकून सांगत गेलो आणि ती करत गेली. बोल्ट सैल कर, डायनामो इंजिनाकडे ढकल, बेल्ट पंख्याच्या पात्यांवरून आत घे. तिच्या कोपराला गरम पाइप लागला तरी ती थांबली नाही. बेल्ट बसला. रेडिएटर निवायची वाट बघितली, पाणी ओतलं. त्या माणसाला दोघांनी मिळून मागे चढवताना तो दोनदा बेशुद्ध झाला.

एका हाताने जीप चालवत मी कर्जतकडे निघालो. गिअर ती शेजारून टाकत होती, मी सांगेन तसा. मागून तो म्हणाला, "काकी, पाणी."

"रेडिएटरला आणलेलं हाय. पन नळाचंच हाय." तिने वळून कॅन त्याच्या तोंडाला लावला.

सरकारी रुग्णालयात आम्हा दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर घेतलं. संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला आले. बायको बाहेर होती. त्यांनी विचारलं, याला कुणी मारलं? मी म्हणालो, "मी." मला ते अवघड गेलं नाही. बाईमाणसाला चौकीत जावं लागू नये, एवढंच डोक्यात होतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस छताकडे बघत राहिला. एका बाईने पाडलं हे त्यालाही सांगायचं नव्हतं.

तेवढ्यात ती चहा घेऊन आत आली. तिने ऐकलं होतं.

"खोटं सांगतायत. मी मारलं."

"अगं, तू गप बस."

"का म्हनून? माजं मारनं तुमी कशाला घेता?" ती हवालदारांकडे वळली. "दोन मारले. पयला हातावर, तेचा पाना पडावा म्हनून. दुसरा गुडघ्यावर. तवा तो खाली बसल्याला व्हता. ल्ह्या तसंच."

हवालदारांचं पेन थांबलं. "मावशी, दुसऱ्या फटक्याचं राहू द्या. झटापटीत लागलं म्हणू."

"झटापट नव्हती."

त्यांनी तसंच लिहिलं. टॉमी आणि पाना जप्त झाले. दोन्हीकडून तक्रारी झाल्या. बाकीचे दोघं नंतर आमची नावं घेऊ नका म्हणून गयावया करत आले. सहा-सात महिने तारखा, वकील, मध्यस्थ चाललं आणि शेवटी दोन्ही बाजूंनी मिटवायचं ठरलं. माझा एक कान गेला. बोट वाकडंच बसलं.

मिटवायच्या दिवशी तो आईबरोबर आला, काठी टेकत. वकिलाच्या खोलीत सह्या झाल्यावर बायको उठून त्याच्यासमोर गेली.

"गुडघा दाखव."

त्याने आईकडे बघितलं, मग पँटचा पाय वर केला. लांब, जांभळट वण होता. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. "वाकतो का?"

"अर्धा."

"दगड का उडवलास? मी वरडत व्हते ना, आत हाय म्हनून?"

त्याने पँटचा पाय खाली ओढला. त्याची आई रडायला लागली. बायकोने तिचा हात क्षणभर धरला आणि सोडला.

आम्ही कर्जतहून घरी दहिवलीला चालत निघालो. अर्ध्या वाटेवर, पुलाच्या कठड्याशी ती थांबली. मी चांगल्या कानाची बाजू तिच्याकडे केली.

"पयला मारला तवा मी भ्याले व्हते," ती म्हणाली. "दुसरा मारला तवा बरं वाटलं मला. लई बरं वाटलं. ते कागदात नाय आलं."

त्या रस्त्यावर पडल्यापडल्या तो दुसरा फटका बघून मलाही बरंच वाटलं होतं. मी तिला तसं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि आम्ही पुढे चालायला लागलो.