गढीतल्या पेवांचा पुंजाराम

पुंजारामला काहीही विचारलं की तो आधी गढीकडे बघायचा. आज ऊन फार आहे ना, असं कोणी म्हटलं तरी हो म्हणण्याआधी त्याची मान तिकडे वळायची. लोक हसायचे. हसणारे तरी कुठले मोठे शूर? गढीसमोरून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घेणारेच सगळे.

गढी जहागीरदार खुशालरावांची. हैदराबादेत निजाम होता, अमरावतीला गोरा साहेब येऊन बसला होता, पण वलगावच्या पलीकडच्या त्या गावापुरते राजे म्हणजे खुशालराव. न्याय त्यांचा, दंड त्यांचा, कोठडीही त्यांची. सरकारची, म्हणजे खुशालरावांची, पेरणी आटोपल्याशिवाय कोणाची तिफण स्वतःच्या रानात जात नसे. आणि हे असं का, असं विचारायचं कोणाच्या डोक्यातही येत नसे.

पुंजारामचं काम पेवांचं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि पोटात मोठं असं धान्याचं कोठार. आत कडब्याचा थर लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी ठेवून शेणामातीने लिंपायचं आणि वरून अंगण असं सारखं करायचं की खाली काही आहे याचा कोणाला पत्ता लागू नये. गावकऱ्यांची ज्वारी घरातल्या कणगीत मावायची. पेवं फक्त गढीत. ती नेमकी कुठे आहेत हे दोघांनाच ठाऊक, सरकारला आणि पुंजारामला. बापामागे हे काम त्याच्याकडे आलं तेव्हा खुशालरावांनी त्याला बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावली होती. पेवाची गोष्ट कोणाला सांगायची नाही, बायकोला नाही, पोटच्या पोरालाही नाही.

शपथ त्याने इतकी पाळली की हळूहळू बाकीचं बोलणंही आटलं. बायको तापाने गेली त्याच दिवशी निरोप आला, गढीत काम आहे. तिला पोचवून तो तसाच गेला, सांगितलं तेवढं केलं आणि घरी येऊन ओसरीवर बसला. रडू येईल म्हणून त्याने वाट पाहिली. आलं नाही. मग तो झोपला.

पुढे कापसाचे दिवस आले. तिकडे अमेरिकेत कसलीशी लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडच्या कापसासाठी मुंबईचे दलाल अमरावतीच्या बाजारात एकमेकांच्या अंगावर पडू लागले. खुशालरावांनी दवंडी पिटवली, सगळ्या रानात कापूसच लागला पाहिजे, ज्वारी पेरील त्याचं रान काढून घेऊ. तानुबाई माळणीची विहिरीवरची वांग्या-मिरच्यांची वाडी होती. गढीची माणसं आली आणि फळावर आलेली झाडं उपटून गेली. पहिल्या वर्षी बाकीचे लोक खूश होते, खोटं कशाला बोला. बायकांना नवी लुगडी आली, बैलांना नव्या झुली आल्या. कणग्यांचा तळ दिसायला लागला तेव्हा कुठे या शहाण्यांच्या लक्षात आलं की कापूस शिजवून खाता येत नाही.

उन्हाळ्यात गावात ज्वारी दिसेनाशी झाली. अंबाडीच्या पाल्यात मूठभर कण्या टाकून लोक दिवस काढू लागले. पुंजारामच्या घरातही तेच. मुलगा शेषराव कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला जायचा. सून शकुन बाळंत होऊन घरात होती आणि तिच्या अंगावर दूध उरलं नव्हतं. लेकरू रडायचं, मग रडायचंही थांबायचं. पुंजाराम भिंतीकडे बघत बसायचा.

शेवटी तानुबाई दहा-बारा जणांना घेऊन गढीत गेली.

"सरकार, गढीत ज्वारी हाये," ती म्हणाली. "इकत द्या, उसनी द्या, पन द्या. लेकरं मरून राहिले."

"ज्वारी अकोल्याच्या बाजारात चालली," खुशालराव म्हणाले. "गाड्या उद्या-परवा निघतीन. अन् तुले अथी तोंड वर करून बोलाले कोनं शिकवलं?"

त्या पन्नाशीच्या बाईला त्यांनी भर उन्हात ओणवं केलं आणि पाठीवर दगड ठेवला. ऊन उतरेपर्यंत ती तशीच होती. सगळं गाव गढीच्या दारात उभं राहून बघत होतं. पुंजारामही बघत होता, आतल्या अंगणातून. त्याला वाईट वाटलं का, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पण गावाचं काहीतरी बदललं. आजवर गढीच्या प्रत्येक जाचाला लोक नशीब म्हणत आले होते. पाऊस नाही, नशीब. रान गेलं, नशीब. मात्र आपलं पोट रिकामं, ज्वारी गढीच्या अंगणाखाली आणि ती मागणाऱ्या बाईच्या पाठीवर दगड, हे काही नशिबात बसेना. त्या संध्याकाळी माणसं पारावर जमली आणि पहिल्यांदाच कोणी आवाज खाली करून बोललं नाही.

शेषराव तिथूनच घरी आला आणि बापासमोर उकिडवा बसला.

"बा, सकाळी आमी गढीत शिरून राहिलो. पहाऱ्यावरच्या रोहिल्यायचा पगार थकला हाये, ते काई मधात येत नाईत. पेवं कोठी हायेत, सांग."

पुंजारामने गढीकडे पाहिलं.

"तिकडं काय पाहतं? माह्याकडं पाह्य. तू येऊ नको पाह्यजे तर. जागा तेवढी सांग."

"मले नाई सांगता येत."

"तुह्या नातवाच्या पोटात काई नाई, बा."

पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, हे त्या क्षणी पुंजारामच्या मनात आलं. कोंडलेल्या धान्याची वाफ आत साचलेली असते, तिच्यात माणूस गुदमरतो; तोंड उघडं टाकून दिवसभर थांबायचं, दोरीने दिवा सोडून बघायचा, दिवा विझला तर पुन्हा थांबायचं. पण हीसुद्धा पेवाचीच गोष्ट. शिवाय जागाच सापडणार नाही, तर आतलं सांगायचं कशाला? शेवटी शेषराव उठून गेला.

सकाळी गाव गढीवर चालून गेलं. रोहिल्यांनी दरवाजा उघडा टाकला आणि ते आपल्या वाटेने निघून गेले. खुशालराव मागच्या दारातून घोड्यावर बसून अकोल्याकडे पळाले. इतक्या वर्षांचं राज्य, न्याहारीच्या वेळेपर्यंत संपलं. पुंजाराम ओसरीवर बसून नुसता गलका ऐकत होता. लोक पहारीने अंगण ठोकत होते. ठक, ठक, ठक. मग एक आवाज पोकळ आला आणि सगळे एकदम ओरडले, "सापडलं!"

पुंजाराम उठला. आधी चालला, मग पळायला लागला. त्याला पळताना गावाने कधी पाहिलं नव्हतं. "थांबा!" तो गढीच्या दारातूनच ओरडला. "उतरू नका! आतमदी वाफ हाये!"

फरशी बाजूला पडलेली होती. सगळ्यांच्या आधी शेषराव उतरला होता, आणि त्याचा आवाज येईना म्हणून त्याला काढायला आणखी एक जण उतरला होता. पुंजारामने कोणाला पुढे जाऊ दिलं नाही. त्याने दोराला आकडा बांधून दोघांना वर ओढलं. दोघंही गेलेले होते. शेषरावच्या मुठीत ज्वारी होती.

दुसऱ्या दिवशी पुंजारामने दिवा सोडून बघितला आणि स्वतः आत उतरून टोपल्या भरून दिल्या. गाव जेवलं. खुशालराव परत आले नाहीत. पुढे साहेबाची माणसं मोजणीच्या साखळ्या घेऊन आली आणि ज्याचं रान त्याच्या नावावर लागलं. शेषरावने गावासाठी जीव दिला, असं लोक म्हणू लागले. तानुबाईने सगळ्यांदेखत पुंजारामच्या पायांवर डोकं ठेवलं. तो उभा होता, पाय दुसऱ्याचेच असावेत तसा.

एक दिवस शकुनने त्याच्यासमोर भाकरी ठेवली आणि ती तिथेच बसली.

"मामाजी, तुमाले वाफेचं मालूम होतं न?"

"हो."

"मंग कावून नाई सांगतलं?"

पुंजारामने खरंच आठवून पाहिलं. शपथेचं कारण आज सांगावं तर सरकारच उरलं नव्हतं. भीती वाटली म्हणावं तर तीही वाटली नव्हती. शेवटी तो म्हणाला, "सांगाची सवय नोती."

शकुनने लेकराला काखेत घेतलं, लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि माहेरी जायला निघाली. उंबरठ्याशी ती थोडी थांबली, म्हाताऱ्याने काहीतरी म्हणावं म्हणून. पुंजारामला वाटत होतं, म्हणावं. तो भाकरी खात राहिला.