तिरकी ओळ

आमचे हे लालबागला पाट्या रंगवायचे. दुकानांचे बोर्ड, मंडळांचे फलक, आणि त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा. ओळ सरळ यावी म्हणून भिंतीवर आधी गेरूत भिजवलेली दोरी ताणायची, मधोमध ओढून सोडायची, की लाल रेघ उमटते. त्या रेघेखाली अक्षरं लिहायची. दोरीशिवाय ब्रशला हात लावणाऱ्याला हे पेंटरच मानत नसत.

एके सकाळी काम करता करता हे डोकं धरून खाली बसले ते आडवेच झाले. परळच्या इस्पितळात कळलं, मेंदूत रक्तस्राव झालाय. जीव वाचला. शुद्धीवर आल्यावर भर दुपारी मला म्हणाले, "अगं, दिवा तरी लाव." मी डॉक्टरांना बोलवायला धावले. डॉक्टरांनी समजावलं, मेंदूतल्या दाबाने दोन्ही डोळ्यांच्या आतही रक्त उतरलंय, त्याच्या आडून दिसत नाही. हळूहळू विरेल. कदाचित काही महिन्यांनी, कदाचित पुरतं नाहीच. डोकं उंच ठेवून बसवा आणि वाट बघा.

वाट बघणं यांना कधी जमलंय? घरी आल्या दिवसापासून गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि साऱ्या चाळीला कामाला लावलं. उजेड-अंधार तेवढा कळायचा. समोरच्या भिंतीवर घोषणा लिहायचं कबूल केलं होतं, म्हणून फर्मान सुटलं, "तू लिही. मी सांगतो." मी चौथी शिकलेली बाई, रांगोळीपलीकडे काही काढलं नव्हतं. पण यांच्यापुढे नाही कोण म्हणणार?

"दोरी मारलीस?" वरून आवाज आला. दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो, आणि जमलेली टाळकी मला हसत होती. मी चिडून ओरडले, "मारली हो!" आणि नुसत्या अंदाजाने लिहीत सुटले. 'मुंबईसह' ठीक उतरलं, 'संयुक्त महाराष्ट्र' उताराला लागला आणि 'झालाच पाहिजे' पार गटाराकडे निघालं. चाळीने मात्र यांना एकमुखाने सांगितलं, "वहिनीनं झकास काढलंय!" यांची छाती फुगली. येईल-जाईल त्याला सांगायचे, "बायको तयार केली." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

रोज सकाळी मी विचारायची, काही दिसतं का. "लाल धुकं." पुढे पुढे, "करडं धुकं." मग मी विचारणंच सोडलं. उत्तराची भीती वाटायची.

चारेक महिन्यांनी मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते. हे एक डोळा मिटून समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. मग एकदम गरजले, "अगं ए! दोरी मारली नव्हतीस तू!"

सूप माझ्या हातातून पडलं. "कशावरून?"

"कशावरून काय? शेवटचा शब्द वीतभर खाली आलाय! खोटारडी!"

"कुठला शब्द? वाचा बघू."

"पाहिजे!"

मी सांडलेल्या तांदळातच बसून रडले आणि हसलेही. हे बोलतच होते. इतकी गोड बोलणी मी जन्मात खाल्ली नव्हती.

उजवा डोळा पुढेही धुरकटच राहिला. डाव्याच्या भरवशावर यांनी पुन्हा ब्रश धरला. पहिल्याच दिवशी चुन्याची बादली घेऊन माझी ओळ पुसायला निघाले. मी जिन्यात आडवी उभी राहिले.

"वाकडी आहे ती," हे म्हणाले.

"असू दे. तुम्ही वाचलीत ना ती."

हे काहीतरी पुटपुटले आणि बादली खाली ठेवली.