ओल्या डायपरची बातमी

ठाकुर्लीच्या गोपीनाथशेठनी तीन पोरं वाढवली, असं सारा गाव म्हणे. शेठही तसंच म्हणत. खरं तर पोरं वाढवली शेवंतीकाकूंनी. शेठ त्या काळात जमिनीचे खटले लढवत होते, आणि जमिनीवर टॉवर उभा राहिल्यावर त्याच्या गेटपाशी खुर्ची टाकून बसू लागले.

पुढे नात झाली, थोरल्या नयनची मुलगी संचिता. नोकरीवर परत जाताना सुनेनं, करिश्मानं, एक यंत्र आणलं. बटणाएवढं. डायपरला बाहेरून चिकटवायचं. डायपर ओला झाला की घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर घंटी. शेठ हरखले. गेटवर चारचौघांत घंटी वाजली की ऐटीत वर घरी फोन लावायचे, "शेवंती, पोरगी ओली झालेय!"

"बदलतेच हाय," काकू म्हणायच्या.

"नातीकडं माझंच लक्ष असतं," शेठ बाजूच्यांना सांगायचे, आणि त्यांना ते मनापासून खरं वाटायचं.

एका दुपारी काकू शहाडला बहिणीकडे हळदीला गेल्या. घरी शेठ आणि नात. घंटी वाजली. शेठनी सवयीनं फोन लावला.

"शेवंती, पोरगी ओली झालेय."

"कोनाकडं हाय ती?"

"माझ्या मांडीवर."

"मंग मी शहाडवरून काय करू?" मागे बेंजो वाजत होता. फोन कट झाला.

शेठनी श्वास रोखून आयुष्यातला पहिला डायपर सोडला. नवा उलटा लावला, मग सुलटा केला. जुना डब्यात टाकून घाम पुसतात, तोच पुन्हा घंटी. "इतक्यात?" दुसरा बदलला. पुन्हा घंटी. हाताला डायपर कोरडा लागत होता, पण शेठचा विश्वास मोबाइलवर. यंत्र पहिल्याच डायपरला चिकटून डब्यात गेलंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तिकडे ऑफिसात करिश्मा घाबरली, तिनं फोन केला. "पप्पा, डॉक्टरकडे न्यायचं का?"

"मी बसलोय ना!" म्हणत शेठनी पाकिटातला शेवटचा डायपर काढला.

तोही बदलून झाला. मग काकूंच्या जुन्या लुगड्याची घडी मांडीवर घेऊन त्यांनी पोरीला तिच्यावर निजवलं. थोड्या वेळानं मांडी गरम झाली. मोबाइल डब्यातल्या डायपरसाठी कोकलत होता. मांडीवरचं त्याला काहीच कळलं नव्हतं. पोरगी शेठकडे बघून खुदकन हसली. शेठही हसले, आणि मांडी न हलवता तसेच बसून राहिले.

संध्याकाळी काकू आल्या. कोरडेच काढलेल्या डायपरांचा ढीग आणि भिजलेले शेठ बघून दारातच थबकल्या.

"नयनच्या येळी हे सगलं कोन करायचं?" शेठनी विचारलं.

"मीच की. तुमाला वास यायचा, म्हनून तुमी ओटीवर झोपायचे." काकू नातीला उचलायला वाकल्या.

"ऱ्हाऊ दे तिला," शेठ म्हणाले. "तू दुसरं लुगडं दे."