बदललेला मासा

खाऱ्या पाण्याची टाकी घ्यायचं माझ्या मनात आलं ते डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये. बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस पनवेलमधल्याच एका डायलिसिस सेंटरवर ती चार-चार तास मशीनला जोडलेली असायची, आणि उरलेले दिवस घरी हॉलमधल्या दिवाणावर पडून. शाळेतली नोकरी सुटली होती. टीव्ही नको, फोन नको, भेटायला कोणी आलेलं नको. त्या दिवशी आमचा नंबर यायला वेळ होता. भिंतीलगत एक टाकी होती, तिच्यात प्रवाळांच्या मधून दोन नारिंगी-पांढरे मासे फिरत होते. ती खुर्ची ओढून टाकीसमोर बसली आणि नंबर पुकारला तरी उठेना. ती उरणच्या कोळ्यांची मुलगी, मासे तिनं जन्मभर पाटीतच पाहिलेले. परत येताना रिक्षात म्हणाली, "जिवंत असताना किती वेगळे दिसतात."

पुढच्याच रविवारी मी वाशीच्या एका दुकानातून शंभर लिटरची टाकी, वाळू, दगड, मिठाचं पोतं असं सगळं घेऊन आलो. पाणी भरता भरता माझ्या लक्षात आलं की जिला दिवसाला मोजून लिटरभर पाणी प्यायची परवानगी आहे, तिच्या डोळ्यांसमोर मी हे भरून ठेवतोय. मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "खारं आहे ना? मग काही नाही वाटत."

दुकानदारानं बजावलं होतं की महिनाभर टाकीत काहीही सोडायचं नाही. दगडांवर आणि वाळूत डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, माशांची घाण तेच पचवतात. ते वाढायच्या आत मासे सोडले तर मासे आपल्याच घाणीत गुदमरतात. मी नऊ दिवस थांबलो. तिला रिकाम्या पाण्याकडे बघत पडलेलं मला बघवेना, आणि त्या काळात महिना हा शब्दच मला फार लांबचा वाटत होता. दहाव्या दिवशी तसेच नारिंगी-पांढरे दोन क्लाऊनफिश आणले, एक कोळंबी, तीन गोगलगायी आणि बारीक फुलांच्या गुच्छासारखं दिसणारं एक प्रवाळ. पहिले चार दिवस ती दिवाणावर उठून बसायला लागली. पाचव्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडमीट करायला लागले.

नेमक्या त्याच आठवड्यात तिच्या भावाचे रिपोर्ट आले.

तो तिच्याहून चार वर्षांनी लहान. उरणला स्वतःची होडी आहे. किडनी द्यायला तो स्वतःहून पुढे झाला होता, रक्तगटही जुळला होता आणि गेले तीन महिने आमच्या घरातल्या सगळ्या आशा त्याच्यावर होत्या. डॉक्टरांनी मला आणि त्याला आत बोलावून सांगितलं की त्याला साखर आहे, तीही बरीच जुनी, त्याला कधी कळलीच नव्हती. त्याची किडनी घेता येणार नाही. बाहेर आल्यावर तो पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरला टेकून उभा राहिला. म्हणाला, "भावजी, तिला आत्ताच नका सांगू. मीच सांगीन." मी बरं म्हणालो. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. ती विचारायची, रिपोर्टला इतका वेळ का लागतोय, आणि मी म्हणायचो, मुंबईला पाठवलेत. मग उठून टाकीपाशी जायचो, कारण तिथं तरी हाताला काहीतरी काम होतं.

नळीत टाकीचं पाणी घेऊन थेंब टाकले की रंग पिवळा यायला हवा, तो हिरवा यायचा. अमोनिया. मी बाटलीतले जिवाणू आणून ओतले. वाळूवर तपकिरी थर चढला तेव्हा वाळू ढवळून काढली, त्यानं पाणी आणखी गढूळ झालं. काचेवर हिरवे केस उगवले म्हणून शेवाळाचं औषध घातलं. मेचा उन्हाळा, पाणी रोज बोटभर आटायचं, आणि मी दर वेळी मीठ घातलेलं पाणीच वर ओतायचो. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं, हे मला कळायला हवं होतं. पण खारेपणा मोजायच्या काट्यावर बुडबुडे चिकटून तो रोज वेगळंच सांगायचा, म्हणून मी त्याच्याकडे बघायचंच सोडलं होतं. ऑफिसात कंटेनरची कागदपत्रं बाजूला ठेवून इंटरनेटवर वाचत बसायचो. एक जण सांगायचा दिवे कमी करा, दुसरा सांगायचा वाढवा. संध्याकाळी घरी येऊन मी दोघांचंही ऐकायचो.

एक दिवस तिचा भाऊ आला. ती आत झोपली होती. आम्ही बाल्कनीत उभे राहिलो आणि जे बोलायचं ते सोडून पाण्याबद्दल बोललो. मी त्याला म्हटलं, समुद्राचंच पाणी दोन कॅन भरून आण, खरं पाणी मिळालं तर जगतील. तो कठड्यावरून खाली बघत होता. मग म्हणाला, "बंदराजवळचं पाणी हाय ते. त्यात आमचीच मासळी राहिली नाय." आणि बहिणीला न भेटताच गेला.

दोन दिवसांनी, सोमवारी सकाळी, दोनातला लहान मासा दगडामागे आडवा पडलेला दिसला. ती अजून उठली नव्हती. मी त्याला चहाच्या गाळण्यानं काढून कागदात गुंडाळलं आणि खाली कचऱ्यात टाकून आलो. दुसरा दगडाआड लपलाय असं दिवसभर सांगत राहिलो. मंगळवारी तिला सेंटरवर सोडलं, मशीन सुरू झालेलं पाहिलं आणि तसाच वाशीला गेलो. त्याच मापाचा मासा घेतला. दुकानदार विचारत होता, पाणी तपासलंत का. मी हो म्हणालो. चार तास पुरे व्हायच्या आत मासा टाकीत सोडून मी पुन्हा सेंटरच्या दारात उभा होतो.

डायलिसिसनंतर ती पिळून काढल्यासारखी व्हायची. त्या संध्याकाळीही उशीला टेकून डोळे मिटून पडली होती. मग डोळे उघडले आणि टाकीकडे पाहत राहिली.

"हा तो नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, दिव्यामुळे रंग वेगळा वाटतो.

"त्याचा मधला पांढरा पट्टा खाली तुटलेला होता. ह्याचा अख्खा आहे." मग तिनं विचारलं, "मेला का?"

"हो."

"कधी?"

"काल सकाळी."

तिनं पुन्हा डोळे मिटले. मला वाटलं, झालं, संपलं. मी स्वयंपाकघराकडे वळलो तेव्हा मागून तिचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता.

"माझ्या भावाचा रिपोर्ट येऊन किती दिवस झाले?"

मला खोटं सुचलं नाही. "बारा," मी म्हणालो.

ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली. बऱ्याच वेळानं तिनं पाणी मागितलं. त्या दिवसाचं पाणी संपलं होतं, म्हणून मी बर्फाचा एक खडा वाटीत घालून दिला. तिनं तो तोंडात धरला आणि मला जायला खुणावलं. मी जिन्यात जाऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढे काय करायचं ते अजिबात कळत नव्हतं. भावाची किडनी चालणार नव्हती, दुसरं कोणी जुळणारं नव्हतं, माझा रक्तगट जुळत नव्हता, आणि बारा दिवस मी तिला एकटीलाच वाट बघायला लावली होती.

गुरुवारी सेंटरवर ती माझ्याशी बोलत नव्हती. तिथली टेक्निशियन तिशीतली, ह्याच भागातली मुलगी, हातात सुया टोचताना पेशंटशी गप्पा मारायची. बायको तिला म्हणाली, "ह्यांना विचार, आमच्या घरी मासे का मरतात." ती मुलगी हसली, मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. तिनं विचारलं, काका, पाणी कुठलं वापरता? मी अभिमानानं सांगितलं की स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं, आरओचं, नळाचं नाही. ती म्हणाली, पुढच्या वेळी बाटलीभर आणा.

शनिवारी मी बाटली नेली. पेनासारख्या मीटरचं टोक पाण्यात बुडवून तिनं आकडा पाहिला, मला दाखवला आणि मान हलवली. "काका, ह्या पाण्यावर मी काकूंचं मशीन नाय चालू करणार." मग समजावून सांगितलं. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला टँकर येतो, त्याचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. घरच्या आरओत चव यावी म्हणून तेच थोडं पाणी पुन्हा मिसळलं जातं, त्याचा एक स्क्रू असतो. माणसाला ते चालतं. शिवाय आमच्या फिल्टरमधली गाळायची कार्ट्रिजं दोन वर्षं बदललेली नव्हती. स्क्रू बंद करा, कार्ट्रिजं बदला, आटलेलं पाणी भरताना बिनमिठाचं भरा, आणि बाटल्यांतली औषधं आधी थांबवा. मासे ती पाळत नव्हती. तिला फक्त पाणी कळत होतं.

मी म्हटलं, आज संध्याकाळीच सगळं पाणी बदलून टाकतो.

तेव्हा पलंगावरून बायको माझ्याशी बोलली, चार दिवसांनी.

"एकदम नको. एका दिवसात माझं जास्त पाणी काढलं की पायात गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. बघता ना तुम्ही? मला ओरडता तरी येतं."

त्या दिवसापासून टाकी तिनं हातात घेतली. एका वेळी एकच गोष्ट, आणि मग चार दिवस थांबायचं. काचेवर मार्करनं रेघ मारली, पाणी तिच्या खाली गेलं की बिनमिठाचं भरायचं. काटा पाण्यात बुडवण्याआधी टिचकी मारून बुडबुडे झाडायचे. खाणं निम्मं केलं. दिवे सहा तास. दर रविवारी एक बादली पाणी बदलायचं. मी उचलायचो, ती दिवाणावरून सांगायची आणि जुन्या शाळेच्या वहीत आकडे लिहायची. भावाला तिनं फोन करून बोलावून घेतलं. तो आला, दारातच रडायला लागला. ती त्याला म्हणाली, आधी स्वतःच्या साखरेच्या गोळ्या सुरू कर, मग रड.

तरी सगळं सावरलं नाही. प्रवाळ मिटलं ते उघडलंच नाही, त्याचा पांढरा चिकट लगदा झाला आणि मी तो सांडशीनं काढून टाकला. कोळंबी कधी गेली ते कळलंच नाही. नवा मासा आणि जुना मासा आधी एकमेकांवर धावून जायचे, मग कंटाळल्यासारखे वेगवेगळ्या कोपऱ्यात राहायला लागले. कित्येक आठवडे नळीतला रंग हिरवाच येत होता आणि दर वेळी मला वाटायचं की आज दोन्ही जातील. मला पुन्हा औषधाची बाटली आणायचा मोह व्हायचा. ती आणू द्यायची नाही. पावसाळ्यात एका रविवारी रंग पिवळा आला. तिनं पुन्हा एकदा करून बघायला लावलं. पुन्हा पिवळा आला. तिनं वहीत लिहिलं आणि झोपली.

आता तिचं नाव मृत्यूनंतर दान केलेल्या किडनीच्या यादीत आहे. नंबर किती मागे आहे ते तिला माहीत आहे, मला जेवढं माहीत आहे तेवढंच.

गेल्या महिन्यात मशीनवर असतानाच तिचा रक्तदाब एकदम खाली गेला आणि तिला दोन दिवस ॲडमिट करावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आंघोळीला आणि माशांना खायला घालायला घरी आलो होतो. तिचा वॉर्डमधून फोन आला. आवाज बारीक होता. टाकीत काय चाललंय, तिनं विचारलं. मी सांगितलं की एक गोगलगाय मेली, मासे ठीक आहेत, पाणी रेघेखाली गेलंय, आता भरतो.

"आणि सकाळी डॉक्टर काय म्हणाले?"

तिच्या डाव्या हातातली नस, जिच्यातून मशीनला रक्त जातं, ती बंद पडत चालली आहे. उजव्या हातावर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, आणि ते यशस्वी होईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. मी तिला हे सगळं ह्याच क्रमानं सांगितलं.

पलीकडे वॉर्डमधली कुठली तरी ट्रॉली गेल्याचा आवाज आला.

"कधी करायचं म्हणाले?" तिनं विचारलं.

"सोमवारी," मी म्हणालो.