अंड्याच्या कवचाएवढं हाड

खालची उजवी दाढ हलायला लागली तेव्हा मी नुकती चाळिशीत गेले होते. कॅल्शियम कमी झालं असेल, एवढंच वाटलं. दुखत काहीच नव्हतं. फक्त सकाळी उठल्यावर तोंडात खारट चव असायची.

उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, मी साडीच्या दुकानात काउंटरला असते. त्याच्याच वर एका सिंधी डॉक्टरीणबाईंचा दाताचा दवाखाना आहे. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून सहज वर गेले आणि दाढ काढून द्या म्हटलं. त्यांनी आरसा घालून बघितलं, मग हिरडी बाहेरच्या बाजूने बोटाने दाबली. रिकामी प्लास्टिकची बाटली दाबल्यावर होतो तसा बारीकसा आवाज आतून आला. तो मला ऐकू आला. त्यांनाही आला असणार, कारण त्यांनी लगेच बोट काढलं.

"अभी निकालना नहीं है," त्या म्हणाल्या. "आधी पूर्ण जबड्याचा एक्सरे काढू."

हनुवटी टेकवून उभी राहिले, मशीन डोक्याभोवती फिरलं. थोड्या वेळाने त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. उजव्या बाजूला कानाखालपासून पुढे हनुवटीपर्यंत काळा डाग.

"आत एक अक्कलदाढ आडवी राहिलीय, ती कधी बाहेर आलीच नाही. तिच्याभोवती गाठ झालीय. तिनं हाड खाल्लंय. नीचे जो बचा है ना, वो अंडे के छिलके जितना है. कडक काही खायचं नाही. जांभई देताना हनुवटीला हात लावायचा. जोरात धक्का लागला तरी जबडा मोडू शकतो."

"गाठ म्हणजे कॅन्सर?"

"वाटत तर नाही. पण काढून तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही."

जिना उतरताना मी कठडा घट्ट धरला. संध्याकाळपर्यंत साड्या उलगडून दाखवल्या, पण बोलले नाही. कुणी भाव विचारला की कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून पुढे करायचे.

आम्ही अंबरनाथला, बुवापाड्यात राहतो. घरी जायला शेअर रिक्षा. त्या रस्त्यावरचे खड्डे मला वर्षानुवर्षं माहीत होते, पण त्या दिवशी प्रत्येक खड्डा येण्याआधीच माझा हात हनुवटीखाली जायचा. शेजारच्या बाईने विचारलं, "दाढ दुखतेय का?" मी मान हलवली आणि लगेच भीती वाटली, मानसुद्धा जोरात हलवली की काय.

बदलापूरच्या एका खासगी हॉस्पिटलात चौकशी केली. ऑपरेशन, भूल, जबड्याला आधाराची प्लेट, सगळं मिळून एक लाख साठ हजार. नवऱ्याच्या कंपनीचा विमा होता, पण दाताचं काम त्यात धरत नाहीत असं उत्तर आलं. हे म्हणाले, "लोन काढू. तुझ्यापुढे पैसा काय आहे?" असं ते म्हणाले खरे, पण म्हणताना माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होते. मीच म्हटलं, सरकारी रुग्णालयात जाऊ. मुंबईला गेलो, रांग लावली, तपासण्या झाल्या. तिथल्या सर्जननी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. ऑपरेशनला जवळपास काहीच लागणार नव्हतं, प्लेट आणि स्क्रू मात्र बाहेरून आणायचे होते.

म्हणजे स्वस्तात करायचं तर तीन आठवडे हे कवच सांभाळायचं. निर्णय माझाच होता, त्यामुळे कुणाजवळ रडायचीही सोय नव्हती. शिंक यायला लागली की मी दोन्ही हातांनी जबडा धरून भिंतीला टेकायचे. जेवताना घासात कढीपत्त्याचा देठ लागला तरी अख्खा घास बाहेर काढायचे. झोपेत कुशीवर वळून उजव्या गालावर भार पडेल म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावायचे.

सासूबाई माझ्यासाठी भात मऊ गिरगट शिजवायच्या आणि समोर बसून राहायच्या. एका दुपारी एकदम म्हणाल्या, "माझ्यामुलं झालं का गो ह्या?"

"काय तुमच्यामुळे, आई?"

"मशेरी. नवी नवरी होतीस, मीच तुला लावाला शिकवली."

मशेरी मी दोन-तीन वर्षं लावून कधीच सोडली होती. त्यांना मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, आडव्या दाढेचं चित्र कागदावर काढून दाखवलं. त्यांनी ते चित्र उलटसुलट करून बघितलं. पटलं नसावं. तेव्हापासून त्यांच्या हातात मशेरीचा डबा मी पाहिला नाही.

त्यानंतर त्यांनीच एक उपाय काढला. जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडली आणि माझ्या हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली. "आता हलनार नाय. झोप निवांत." बरं वाटलं, खरंच आधार आला. मी उठून आरशात बघायला गेले. आणि मला माझे वडील दिसले. ते गेले तेव्हा तोंड उघडं राहू नये म्हणून काकांनी असाच पंचा बांधला होता. आरशात माझ्यामागे उभ्या असलेल्या सासूबाईंचा चेहराही उतरला. त्यांनी गाठ सोडवली, पट्टीचा बोळा केला आणि मोरीकडे गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमतीच्या कागदावर सही घेतली. शिकाऊ डॉक्टर मुलगी वाचून दाखवत होती: ओठ कायमचा बधिर होऊ शकतो, हाड मोडू शकतं, गाठ परत होऊ शकते. मी म्हटलं, "बाई, पुढचं मनातल्या मनात वाचा." ती हसली, पण थांबली नाही. तिला सगळं वाचावंच लागत होतं.

शुद्धीवर आले तेव्हा चेहरा माझा नव्हताच. हे माझ्यावर वाकून सांगत होते, "मोडलं नाही. ऐकतेयस ना? हाड मोडलं नाही." मला हात वर करून गाल चाचपायचा होता, पण धीर झाला नाही.

गाठीचा रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. ते दहा दिवस त्या तीन आठवड्यांहून वाईट गेले, कारण आता सांभाळायलाही काही नव्हतं. सूज उतरत होती, नळीने पेज पीत होते, आणि फोन वाजला की सासूबाई देवापुढे जाऊन उभ्या राहायच्या. रिपोर्ट आणायला हेच गेले. दारातूनच म्हणाले, "कॅन्सर नाही." मग चपला काढून आत आले, पाणी प्यायले आणि उरलेलं सांगितलं. ही गाठ परत येणाऱ्या जातीची आहे. पाच वर्षं तरी एक्सरे काढत राहायचं.

प्लेट, औषधं, जाणं-येणं आणि माझा बुडालेला महिन्याचा पगार धरून चाळीसेक हजार गेले. आमच्या भिशीतल्या बायकांनी माझा नंबर आधी लावला, त्यातून निभावलं.

दुकानात परत उभी राहिले, पण खालच्या ओठाची उजवी बाजू मेल्यासारखी. चहा ओघळायचा, मला कळायचं नाही. समोरची बाई हनुवटीकडे बघायला लागली की समजायचं. 'पैठणी' म्हणताना प हवेतच जायचा. पाच महिने असे गेले.

मग एका दुपारी साडीची घडी घालताना ओठात काहीतरी चावलं. पुन्हा. मुंग्या चालल्यासारखं, मधूनच सुई टोचल्यासारखं. गाठ आली परत. घडी तशीच टाकली आणि जिना चढून वर गेले. डॉक्टरीणबाई जेवायला बसल्या होत्या. उष्ट्या हातानेच उठल्या, हात धुतले, मला खुर्चीत बसवलं आणि डोळे मिटायला लावले. कापसाचं टोक ओठावरून फिरवत विचारत राहिल्या, "इथे कळतंय? आणि इथे?"

दोन ठिकाणी कळलं. एका ठिकाणी नाही.

"घाबरताय कशाला?" त्या म्हणाल्या. "नस जाग रही है."

मी डोळे उघडले नाहीत. "अजून एकदा बघा ना," म्हटलं, आणि त्यांनी नवा कापूस घेतला.