स्पीकरवाले नाना आणि माझी वही

स्पीकरवाले नानांनी एकदा जुन्नरात अख्ख्या मांडवाला हातात अक्षता धरून ताटकळत ठेवलं होतं. मंगलाष्टकाच्या दोन कडव्यांमध्ये भटजी दम घेत, तेवढ्यात गिटारवर चार सूर वाजवायचे, एवढंच ठरलेलं. नानांनी सुरुवात केली आणि निघालेच कुठेतरी. नवरदेवाचा मामा ओरडला, "नाना, मुहूर्त टळंल की!" नाना डोळे न उघडता म्हणाले, "आलोच राव, वाटंत हाय."

लाउडस्पीकर भाड्याने देणं हा त्यांचा धंदा. मूळचे पठारावरच्या आणे गावचे, दुकान जुन्नरात. इलेक्ट्रिक गिटार ते कर्ण्याच्या मशीनला जोडत, त्यामुळे त्यांचा रियाज सगळ्या आळीला सक्तीचा. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक परदेशी तबकडी आणली होती. तिकडे जॅझ आणि रॉकचं तेव्हा नुकतंच लग्न लागलं होतं आणि नव्या संसारात भांडी आपटत होती, असा तो आवाज.

मी अठरा वर्षांची. पेटीच्या दोन परीक्षा पास, म्हणजे संगीतातलं सगळं कळून चुकलेली. नाक मुरडून विचारलं, "कुठला राग हा?"

"मला काय म्हाईत? ती खालच्या सुराची गिटार ऐक. एकच वळण धरून बसलीय, म्हनून वरचा गडी लांब फिरून येतो." मग कर्ण्याला कान लावून म्हणाले, "हितं झांज मधीच तुटली बघ. टेप कापून जोडलीय. लई येळ वाजवलं असंल, मग निवडून घेतलं." तार ओढून सूर किती वाकवला, बोट चुकलं तर पुढे त्याचं काय केलं, थांबायचं कोण ठरवतं, नानांना सगळ्याचंच नवल.

हे सगळं आयत्या वेळी सुचतं, हे मात्र मी मानायला तयार नव्हते. कुठेतरी लिहिलेलं असणारच! महिनाभर दुपारी दुकानात बसून मी गिटारचा तो सगळा भाग सारेगममध्ये वहीत उतरवला आणि पेटीवर बिनचूक वाजवून दाखवला. एका जागी तेच तीन सूर चारदा येत, तेही.

नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पोट धरून हसले. "अगं बाय, तिथं सुई अडकते! वरखडा हाय त्यो, माज्याच हातनं पडलेला. त्यो बी वहीत घेतलास?"

हसू ओसरल्यावर त्यांनी गिटार उचलली, तेच तीन सूर वाजवले आणि थांबले. "आता म्होरं तू."

"हे वहीत नाही," मी म्हणाले.

"म्हनून तर. गावात बोलायला लई मानसं हायत. ह्यात उलट बोलंल असं कोन न्हाई मला."

आई बोलावतेय, अशी थाप मारून मी पळाले. आई तेव्हा पारगावला मावशीकडे होती आणि हे नानांना ठाऊक होतं.

लग्न होऊन पुण्याला गेले. माहेरी आले की नानांची गल्ली टाळायची. पुण्यात शेजारणींपुढे संगीतावर तासभर बोलणारी मी, जुन्नरात दोन गल्ल्या वळसा घालून भाजी आणायची.

गेल्या थंडीत कळलं, नाना आता आण्यालाच असतात, डाव्या हाताची बोटं आखडलीत. पेटी उचलली आणि गेले. ओट्यावर बसलेल्या नानांनी मला ओळखलं, पेटीकडे पाहिलं, आणि गिटार मांडीवर ओढली. उजव्या हाताने दोन मोकळ्या तारा छेडल्या आणि थांबले.

मी वाजवलं. चुकले. सत्तरीला आलेली बाई, घामाघूम.

"मग?" नाना म्हणाले.

मग मी त्या चुकीच्याच सुरावर पाय रोवून पुढे गेले. नानांनी एक तार छेडली, मी उत्तर दिलं. त्यांनी दुसरी छेडली. मी वाकडं बोलले, तेही वाकडं बोलले. एकदा तर ते लहान मुलासारखे खिदळले.

पुढे चैत्रात नाना गेले. पण ओट्यावर वाजवत बसलो त्या संध्याकाळी फाट्यावरून शेवटची एसटी निघून गेल्याचं आम्हा दोघांनाही कळलं नाही. आत त्यांच्या सुनेने मी मुक्कामाला राहणार हे धरून माझ्याही वाट्याची भाकरी थापायला घेतली होती.